स्पीकरची तार आणि श्रवणाचा पुरावा

भाषाभ्यासकाचा मूळ पुरावा म्हणजे उच्चार. आणि आज हा उच्चार त्याच्या कानी बहुधा ध्वनिमुद्रणातून, घरच्या स्पीकरद्वारे पडतो. मुद्रणयंत्राची निवड आपण काळजीपूर्वक करतो. परंतु अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारेचा विचार सहसा होत नाही, आणि झालाच तर तो जाहिरातींच्या अनुरोधाने होतो. ही तार कशी निवडावी व कशी जोडावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

या विवेचनास एक प्रसंग कारण झाला. वेरूळ परिसरातील एका वृद्ध निवेदिकेचे मुद्रण प्रस्तुत लेखक घरी ऐकत होता. 'म्हैस' हा शब्द वारंवार 'मैस' असा ऐकू आला आणि टिपणात महाप्राणलोपाची नोंदही झाली. पुढे तेच मुद्रण हेडफोन लावून ऐकता 'म्ह' स्पष्ट होता. शोध घेता असे आढळले की, दोहोंपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. दोन्हींतून एकच आवाज येत असल्याने खालच्या वारंवारतेचे ध्वनी परस्परांस मारक ठरत. 'म्ह'सारख्या सघोष महाप्राण व्यंजनाची एक प्रमुख खूण म्हणजे त्यातील मूलस्वराचे प्राबल्य. नेमका तोच भाग क्षीण झाला होता. बोलीभाषांत महाप्राणलोप आढळतोच, या पूर्वग्रहामुळे संशयही आला नाही. तात्पर्य, तारेचा दोष बोलीच्या माथी मारला गेला.

आता निवडीकडे वळू. तारेचा मुख्य गुण म्हणजे तिचा विद्युत्-रोध. तो लांबीबरोबर वाढतो व जाडीबरोबर घटतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०·०१७ ओहम असतो. विद्युत्प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून अंतराच्या दुप्पट लांबी धरावी. स्पीकर १० मीटर दूर असल्यास ०·५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा एकूण रोध ०·६९ ओहम, १·५ च्या तारेचा ०·२३ आणि २·५ च्या तारेचा ०·१४ ओहम येतो. तारेचा रोध स्पीकरच्या अंकित रोधाच्या विसाव्या हिश्शाहून अधिक नसावा, असा व्यवहार्य नियम आहे. त्यानुसार ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत १·५ ची तार पुरते. ४ ओहमला २·५ ची घ्यावी. बारीक तारेने आवाज किंचित घटतो एवढेच नव्हे. स्पीकरचा रोध वारंवारतेनुसार बदलत असल्याने काही ध्वनी अधिक घटतात, काही कमी, आणि आवाजाचा पोत बदलतो.

दुकानात हीच तार 'दीड एमएम', 'अडीच एमएम' या नावांनी मिळते. येथे 'चौरस' हा शब्द बोलण्यात लोपला आहे. तो आकडा व्यासाचा नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळाचा समजावा. अनेक बारीक धाग्यांची, लाल-काळी दुपदरी तार सोयीची. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात असते, आणि ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून थोडा अधिक असतो. धागा चाकूने खरवडून पाहावा. आतून पांढरा निघाल्यास ती तार तांब्याची नव्हे.

जोडणीपूर्वी अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा. टोकाचे वेष्टन सुमारे एक सेंटिमीटर सोलून धागे घट्ट पिळावेत. एखादा सुटा धागा शेजारच्या टोकास लागल्यास अ‍ॅम्प्लिफायर निकामी होण्याचा संभव असतो. लाल तार दोन्हीकडे धन टोकासच जोडावी. घरातील विजेच्या तारांसोबत एकाच नळीतून ही तार नेऊ नये. शेवटी, दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज लावून मधोमध बसावे. निवेदकाचा आवाज समोरून, भरीव येत असेल तर जोडणी बरोबर. तो पोकळ व दिशाहीन वाटल्यास एकाच स्पीकरच्या तारा उलटून पाहाव्यात.

महागड्या तारांविषयी एवढेच सांगणे पुरे की, मानवी कानास ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच ध्वनीची, म्हणजे २०,००० आवर्तनांची, तारेतील तरंगलांबी कित्येक किलोमीटर असते. हवेत मात्र ती जेमतेम १७ मिलिमीटर. अर्थात दोन तारांच्या लांबीत दोनचार मीटरांचा फरक पडल्याने वेळेचे काही बिघडत नाही. खुर्ची वीतभर सरकविल्याने मात्र फरक पडतो. खोलीचा प्रभाव पाहावयाचा तर वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहात, उभे राहावे. बेसाल्टच्या त्या कमानदार दालनात उच्चारलेला शब्द पुढच्या शब्दावर रेंगाळतो. फरशी आणि स्लॅबच्या रिकाम्या खोलीतही, लहान प्रमाणावर, हेच घडते; मातीच्या माळवदाच्या घरात ते पुष्कळ कमी. म्हणून तारेवर वाचविलेला पैसा सतरंजी व जाड पडदे यांवर खर्च करणे श्रेयस्कर.

बोलीविषयीचे विधान करण्यापूर्वी तेच मुद्रण दुसऱ्या साधनावर एकदा ऐकावे, आणि कोणत्या साधनावर ऐकले याची नोंद टिपणात करावी. निवेदिकेच्या 'म्ह'बाबतची नोंद आता दुरुस्त केली आहे. त्याच काळातील इतर नोंदी पुन्हा ऐकून तपासणे चालू आहे.