व्हॅलेरियनचं तेल आणि आपली झोप

झोप येत नाही म्हणून व्हॅलेरियनच्या मुळाचं तेल आणू का, हा प्रश्न अलीकडे आरोग्य शिबिरांत वारंवार येतो. विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या बायका. कुणी रात्रपाळीची आया, कुणी पहाटे झाडू घेऊन बाहेर पडणारी, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी. मोबाईलवर जाहिरात दिसते की उशीवर दोन थेंब टाका आणि गाढ झोपा. बाटली अंगठ्याएवढी, पण किंमत ऐकली की एका दिवसाची मजुरी गेलीच म्हणायची. म्हणून या वेळी या तेलाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

व्हॅलेरियन ही मूळची युरोप आणि आशियाच्या थंड भागातली वनस्पती. तिचीच एक बहीण हिमालयात होते, तिला आयुर्वेदात तगर म्हणतात. औषधी भाग म्हणजे मूळ. वाळलेली मुळं वाफेवर ठेवून, ती वाफ थंड करून तेल वेगळं काढतात. शंभर किलो मुळांतून जेमतेम लिटरभर तेल निघतं, कित्येकदा त्याहूनही कमी. त्यामुळे खरं तेल महाग असतं आणि स्वस्त बाटलीत बहुधा दुसरंच तेल मिसळलेलं असतं. वास म्हणाल तर मातकट, उग्र, आणि मूळ जुनं झालं की थेट घामट मोज्यांसारखा. गुलाबासारखा गोड वास येत असेल तर ते व्हॅलेरियन नाही, एवढं खुशाल समजा. (मांजरांना मात्र हा वास फार आवडतो. बाटली सांडली तर गल्लीतली मांजरं घरात येतील.)

इथे आपल्याकडचा एक घोटाळा सांगायलाच हवा. महाराष्ट्रात आपण तगर म्हणतो ते अंगणातलं, विहाराच्या आवारातलं झुडूप. पांढरी, चक्रासारखी फुलं आणि पान तोडलं की दुधासारखा चीक. त्या झुडपाचा या औषधी तगराशी काहीही संबंध नाही. त्याच्या मुळांत वेगळीच तीव्र द्रव्यं असतात. नावावर जाऊन अंगणातल्या तगराचं मूळ उकळून कुणीही पिऊ नये. जटामांसी ही आणखी तिसरीच वनस्पती. दुकानात ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

धम्मपदाच्या पुप्फवग्गात चंदनाच्या जोडीने तगराच्या सुगंधाचा उल्लेख येतो, हे खरं. पण तिथे विषय शीलाचा आहे. तो दाखला देऊन कुणी विहारात बाटल्या विकायला बसला, तर त्याला धम्मपद बाजूला ठेवून पुरावा मागा.

मग पुरावा काय आहे? मुळात व्हॅलेरेनिक आम्ल नावाचा घटक असतो. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन जिथे काम करतं, तिथेच हा घटक काम करतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण माणसांवरचे बहुतेक अभ्यास झाले ते मुळाच्या अर्काच्या गोळ्यांवर, आणि त्यांचेही निकाल उलटसुलट आहेत. काहींना थोडा फरक पडला, काहींना काहीच नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असाच सल्ला दिला. तेलाचा वास घेणं ही तर आणखी वेगळी गोष्ट. हे आम्ल सहजासहजी उडून नाकापर्यंत येत नाही. गोळीवरचा अभ्यास दाखवून तेल विकणं ही सरळ फसवणूक आहे. वासाने कुणाला निवांत वाटत असेल तर वाटू दे, पण ते औषध नव्हे.

वापरायचंच असेल तर दोन चमचे खोबरेल तेलात दोन-तीन थेंब, याहून जास्त नको. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर सोडून द्या. पोटात अजिबात घेऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, दमेकरी आणि फिट येणारे यांनी यापासून लांबच राहावं. लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर बोट घालून उलटी काढू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जातं आणि जास्त नुकसान होतं. मुलाला आणि बाटलीला घेऊन थेट दवाखाना गाठा.

कुणी मुळाच्या गोळ्या घेत असेल तर त्या दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेऊ नयेत, गुंगी वाढते. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्या गोळ्यांबद्दल आधी सांगा.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 'नैसर्गिक' तेल मिळालं म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी अशी सोडायची नसते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या बरेच महिने घेऊन एकदम थांबवल्या तर झटकेसुद्धा येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायच्या. आणि व्हॅलियम या झोपेच्या गोळीच्या नावात 'व्हॅल' आहे म्हणून ती या मुळापासून बनत नाही. ते रसायन पूर्ण वेगळं आहे.

झोप का येत नाही, हे मात्र बाटलीवाला कधी विचारत नाही. अंथरुणावर पडलं की पिंडऱ्यांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होतं का? आपल्या बायकांमध्ये याच्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळतं. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, हा वेगळा आजार आहे. त्यात गुंगी आणणारं काहीही धोक्याचं. पहाटे तीन-चारला जाग येते, मन कशातच लागत नाही, रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर नैराश्याचा विचार करायला हवा. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघून झोपमोड होते. त्यावर उपचार आहेत, लाजून गप्प बसू नका. आणि रात्री दारू पिऊन येणाऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत जी बाई जागी असते, तिला उशीवरच्या थेंबांनी कशी झोप लागणार? तिच्यासाठी १८१ हा महिला हेल्पलाईनचा क्रमांक आहे.

घरच्या घरी करता येतं ते साधं आहे. रोज एकाच वेळी उठायचं, रात्र कशीही गेली तरी. दुपारनंतर चहा बंद. झोप येत नसेल तर कुशी बदलत पडून न राहता उठून बसायचं आणि डोळे जड झाले की परत जायचं. आनापान जमत असेल तर शांतपणे करा, पण 'झोप आली पाहिजे' असं मनाला बजावत करू नका. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा खिडकीला जाड चादर लावावी, आणि घरच्यांनी त्या वेळेत त्यांना हाक मारू नये. हे दुसरं जास्त अवघड असतं.

आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नाही, असं महिनाभर चाललं तर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा. मनावर ताण असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. त्यात ही तेलाची बाटलीही ठेवा.