पार्ट नागपूरचा, तक्रार आदिलाबादेत

आदिलाबाद : बाइकचा पिकअप वाढावा म्हणून नागपूरहून बाहेरच्या कंपनीचा पिस्टन किट आणला, बसवला आणि इंजिन जाम झालं. दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलं, मेकॅनिक म्हणतो मालच खराब. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च किटपेक्षा जास्त होतो. मग भरपाई मागायची कुठे?

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार खरेदी महाराष्ट्रातली असली, तरी आदिलाबादचा रहिवासी इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही.

दोष मात्र सिद्ध करावा लागतो. म्हणून पक्कं बिल आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय जपून ठेवा. जळालेला पिस्टन भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : १९१५.