कमरेचा खंजर आणि चार-पंचवीस

मुदखेड तालुक्यात पातं नाही असं घर सापडायचं नाही. स्वयंपाकघरात विळी, रानात विळा, उसाच्या फडात कोयता, खाटकाकडे सुरा. यातल्या एकाही वस्तूला परवाना लागत नाही. मग ‘खंजर बाळगणाऱ्या तरुणावर गुन्हा’ अशी बातमी आली की चावडीवर प्रश्न निघतोच: त्यानं कुणाला मारलं नव्हतं, मग गुन्हा कसला?

गुन्हा बाळगण्याचाच. तो दोन कायद्यांच्या जोडीतून उभा राहतो.

पहिला शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिसांच्या भाषेत ‘चार-पंचवीस’, म्हणजे कलम ४ आणि कलम २५. कलम ४ प्रमाणे अधिसूचित भागात ठरावीक हत्यारं जवळ ठेवायला परवाना लागतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत त्या हत्यारांची यादी आहे: तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम हत्यारं. घरकामासाठी, शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. विनापरवाना सापडल्यास कलम २५ खाली किमान १ आणि कमाल ३ वर्षं कैद, शिवाय दंड. गुन्हा दखलपात्र, त्यामुळे पोलिसांना वॉरंटची वाट पाहावी लागत नाही. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरवणारी पोरं याच कलमात अडकतात, आणि पुरावा त्यांनी स्वतःच पुरवलेला असतो.

‘मग आठ इंची चाकू चालतो,’ असा हिशेब काही जण मांडतात. तिथं दुसरा कायदा येतो: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात जिल्हा दंडाधिकारी कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्यात चाकूच काय, काठ्या-लाठ्या घेऊन फिरायलाही बंदी घालता येते. इथं इंच मोजत बसत नाहीत. आदेश मोडला तर कलम १३५ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. वारंवार असे गुन्हे करणाऱ्याला याच अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येतं.

शीख बांधवांच्या कृपाणाची बाब वेगळी. सचखंड श्री हुजूर साहिब हे तख्त नांदेडलाच असल्यानं आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग आहे, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. ती सवलत श्रद्धेच्या खुणेला आहे. भाईगिरीसाठी कमरेला खोचलेल्या खंजिराला नाही.

कायदा इतक्या आधी, खिशापाशीच का अडवतो? पातं बाहेर निघाल्यावर थांबवायला वेळ उरत नाही म्हणून. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोनेक लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. ‘मांडीत मारला तर मरत नाही, नुसती अद्दल घडते,’ हा समज पोरांच्या टोळक्यांत फिरतो आणि तो साफ खोटा आहे. मांडीतून पायाची मुख्य धमनी जाते. ती कापली तर काही मिनिटांत सारं संपू शकतं. पोटावरची जखम बाहेरून बोटभर दिसते, पण आत आतडं किंवा यकृत फाटून रक्त साठत असतं. छातीत पातं शिरलं तर फुप्फुसाभोवती हवा भरून श्वास कोंडतो. वरून शिवलं म्हणजे निभावलं असं नसतं. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगजींवर खंजिरानं वार झाला, तेव्हाही जखम शिवली होती. पुढे कडक धनुष्य ओढताना ती पुन्हा उघडली, असं परंपरा सांगते.

कुणावर वार झालाच तर १०८ वर फोन करा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हातानं घट्ट दाबा आणि दाब सोडू नका. पातं आत रुतलेलं असेल तर उपसू नका. तेच रक्त अडवून धरत असतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. पाणी, चहा काही पाजू नका. दवाखान्यात ‘आधी पोलीस, मग उपचार’ असा नियम नाही. उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

आता पकडल्यानंतरचं. पंचांसमोर झडती होते. पात्याची लांबी-रुंदी, मूठ लाकडाची की लोखंडाची, हे पंचनाम्यात उतरतं आणि हत्यार सीलबंद करून मुद्देमालात जातं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, त्यामुळे ‘माझं नव्हतंच’ म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं या भागात गावोगाव दिसतात. भरतीच्या फॉर्ममध्ये दाखल गुन्ह्यांची माहिती भरावी लागते. लिहिली तर निवड अडू शकते, लपवली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते.

एवढं ऐकूनही पोरगा म्हणतो, ‘मी काही मारायला ठेवत नाही, बचावाला ठेवतो.’ स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलेला आहे, पण बचावाला गरजेपुरतंच बळ वापरावं, अशी त्याची मर्यादा आहे. समोरच्यानं कानाखाली मारली आणि याच्या हातून खंजीर चालला, तर ती मर्यादा तिथंच ओलांडली जाते. जीव गेला नाही तरी भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, खुनाचा प्रयत्न, लागू शकतं. त्यात जखम झाली असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत. खेरीज झटापटीत पातं हिसकावलं जातं आणि आपलंच हत्यार आपल्यावर उलटतं.

धोका खरा असेल तर ११२ वर फोन करा, ठाण्यात धमकीची तक्रार नोंदवा. शांतता भंगण्याची भीती असेल तर समोरच्याकडून कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे शांतता राखण्याचा बाँड घेता येतो. जुने लोक याला ‘एकशेसातची कारवाई’ म्हणतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ आहे. मात्र ज्याच्या स्वतःच्या कमरेला खंजीर आहे, तो ठाण्याची पायरी चढायला कचरतो. ज्या एका ठिकाणी त्याला खरं संरक्षण मिळालं असतं, तिथं जायची वाट त्यानं स्वतःच बंद केलेली असते.