बांधकामाची परवानगी नाकारली, तर कोणत्या न्यायाधिकरणात जायचं?

सौंदडजवळून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं रेल्वे स्टेशनही आहे. अशा गावात रस्त्यालगतच्या जमिनीवर दुकानं काढावीत, प्लॉट पाडावेत, असं कुणालाही वाटेल. पण समजा अर्ज नामंजूर झाला. मग दाद कुठे मागायची?

‘एमआरटीत जा’ हा सल्ला सहज मिळतो. पण महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण मुख्यतः कुळकायदा, सिलिंग अशा वादांसाठी आहे. बांधकाम परवानगीसाठी आपल्याकडे वेगळं न्यायाधिकरणच नाही. म्हणून आधी बघायचं ते आदेशावर सही कुणाची आहे आणि कलम कोणतं लिहिलंय.

नियोजन प्राधिकरणाने परवानगी नाकारली, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४७ नुसार ४० दिवसांत राज्य सरकारकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील. जमीन महसूल संहितेखालचा आदेश असेल तर वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर मुदत ९० दिवस, त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवस. थोडक्यात, सरकारच्या निर्णयावर सरकारच बसतं. हे खटकण्यासारखं आहेच. त्यापुढे उरतं ते उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ.

गोंदियात मात्र एक मेख आहे, झुडपी जंगलाची. सुप्रीम कोर्टाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधली झुडपी जंगल जमीन हे वनच असल्याचा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत झालेली वाटपं नियमित करण्यासाठी राज्याला केंद्राकडे मंजुरी मागता येते. नंतरच्यांची वाट बिकट आहे. त्यामुळे प्लॉटचा इसार देण्याआधी सातबारा आणि जुन्या नोंदी नीट वाचा. तिथे ‘झुडपी जंगल’ दिसलं, तर बिगरशेतीचा कागद दाखवून भागणार नाही.

आणि इथे खरोखर न्यायाधिकरण येतं. वन किंवा पर्यावरण मंजुरीच्या आदेशावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील होतं, त्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. मुदत ३० दिवस. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही.

हे दार फक्त अर्जदारासाठी नाही. मंजुरी दिल्याने ज्याला झळ बसते तोही तिथे जाऊ शकतो. मंजुरीपेक्षा जास्त बांधकामाचं पुण्यातलं गोयल गंगा प्रकरण याच न्यायाधिकरणातून पुढे गेलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकासकाला १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम भरायला सांगितली.

मुदत मोजताना आदेश तुम्हाला कळवला गेल्याची तारीख महत्त्वाची ठरते. तेव्हा आदेश टपालाने आला असेल, तर शिक्का असलेला लखोटा फेकू नका.