वालाच्या मुळांवरील गाठी व युरियाचा हप्ता

मुलुंड ओलांडून ठाणे जिल्ह्यात शिरले की भातकापणीनंतर खाचरांतील उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची वहिवाट आढळते. वालाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकास पुरवितात. परंतु गाठी किती वाढू द्यावयाच्या, हे झाडच ठरविते. जमिनीत नायट्रेट विपुल झाले की काही द्विदल वनस्पतींची मुळे १२-१३ अमिनो आम्लांची चिमुकली साखळी, म्हणजे पेप्टाइड, पानांकडे धाडतात. तेथून गाठी आवरण्याचा निरोप परत येतो. मग युरियाचा जादा हप्ता कशासाठी? फुकटचे नत्र थांबवून विकतचे घेण्यासाठीच! नत्राची उणीव पडल्यास निराळे पेप्टाइड निघते. ते बाहेरून मुळांस दिले असता गाठी वाढल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. शेतावर मात्र पेरणीपूर्वी बियास रायझोबियम संवर्धक चोळावे आणि फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप अलगद उपटून गाठ चिरून पाहावी. आतून गुलाबी असल्यास तिचे काम चालू आहे.