झिजलेलें इंजिन दुरुस्त करावें कीं नवें घ्यावें?

विहिरीस पाणी आहे, गहू पोटरीवर आला आहे आणि नेमक्या त्याच वेळीं इंजिन दमूं लागतें, हा प्रसंग बहुतेक बागाइतदारांवर केव्हांना केव्हां येतोच. मिस्त्री म्हणतो, "इंजिनाचें काम निघालें". विक्रेता म्हणतो, "नवें घ्या". दोघांचाही त्यांत लाभ असतो. म्हणून हा निर्णय मालकानें स्वतः कसा करावा, याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

प्रथम इंजिन खरोखर झिजलें आहे काय, हें पाहावें. काळा धूर येत असेल तर हवेची जाळी तुंबली असेल, नॉझल बिघडला असेल किंवा पंपाचा बोजा जास्त होत असेल. त्यावरून झीज सिद्ध होत नाहीं. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण होय. इंजिन बंद व थंड असतां हँडल फिरवून दाब लागतो कीं नाहीं पाहावें. न लागल्यास नॉझल काढून सिलिंडरमध्यें चमचाभर ऑइल सोडावें व पुन्हा फिरवावें. दाब सुधारला तर रिंगा व लायनर झिजले आहेत; न सुधारला तर दोष बहुधा व्हाल्वांत असतो, व तें काम थोडक्यांत भागतें.

लायनर झिजला असें ठरलें, तरी लगेच सामान आणूं नये. या बाबतींत आम्हीं स्वतः ठेच खाल्ली आहे. आम्हीं लायनर, पिस्टन व रिंगा नव्या घातल्या; क्रँक मात्र मोजून घेतला नाहीं. बेअरिंगखालची त्याची गोल जागा लंबगोल झाली होती. दोन महिन्यांत नवें बेअरिंग वाजूं लागलें. मजुरी दोनदां पडली, कांद्याच्या दोन पाळ्या चुकल्या, आणि कांदा लिंबाएवढाच राहिला.

तेव्हां क्रँक आधीं मायक्रोमीटरनें आडवा-उभा मोजवावा. तो घासून ०.२५ वा ०.५० मिलिमीटर बारीक करतां येतो व त्या मापाचीं बेअरिंगें मिळतात. पूर्वींच शेवटच्या मापापर्यंत घासला असेल तर नव्या क्रँकची किंमत हिशेबांत धरावी. ब्लॉकला तडा असल्यास दुरुस्तीच्या भरीस पडूं नये. मिनिटास ६५० फेऱ्यांचें जुनें संथ लिस्टर पद्धतीचें इंजिन असेल, तर त्याचे सुटे भाग राजकोटकडे अद्याप बनतात. असें इंजिन सहसा दुरुस्तीस योग्य ठरतें.

मग सामान, घासकाम, डिझेल पंपाची जुळणी व मजुरी यांचा लेखी अंदाज घ्यावा. हा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवें घ्यावें, असा आमचा आडाखा आहे. शिवाय सौरपंपाचाही विचार करावा. केंद्राची कुसुम योजना २०१९ सालीं निघाली. महाराष्ट्रांत २०२४ सालीं मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली, तींत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के व अनुसूचित जाति-जमातींचा ५ टक्के ठेवला आहे. तथापि ढगाळ दिवसांत सौरपंप मंदावतो. म्हणून साध्या दुरुस्तीनें चालणारें जुनें इंजिन मोडींत घालण्याची घाई नको.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झिजण्याचें कारण राहिलें तर नवें इंजिनही तसेंच झिजेल. धूळ हें एक कारण. हवेची जाळी वेळच्या वेळीं साफ करावी. दुसरें कारण फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. विहिरीचें गार पाणी थेट जॅकेटांतून सोडण्याची आपल्याकडे चाल आहे. त्यानें इंजिन थंड राहतें, डिझेल पुरतें जळत नाहीं, आंत आम्ल धरतें व लायनर खाल्ला जातो. जॅकेटांत जाणाऱ्या नळीवर कॉक बसवून बाहेर पडणारें पाणी हात धरवणार नाहीं इतकें ऊन, म्हणजे सुमारें ६० अंश ठेवावें. मात्र उकळूं देऊं नये. कॉकचा हा अल्प खर्च शेतकरी बंधूंनीं आधीं करावा, आणि मोठ्या खर्चाचा विचार मागाहून.