समजून घ्या : वारा फिरला की शिडाच्या बोटीवरचा दिवस कसा बदलतो?

भोकरदन : 238 दिवस, सुमारे 25,400 सागरी मैल आणि बोटीवर फक्त दोघी. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. 29 मे 2025 रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून गोव्यात परतल्या. त्यांची ‘आयएनएसव्ही तारिणी’ 56 फुटांची, गोव्यातच बांधलेली. अशी प्रदक्षिणा फक्त शिडांच्या बळावर करायची असते.

मग झोपायचं कधी? पाळीपाळीने. एक जागी, दुसरी आडवी. दिशा धरायला ऑटोपायलट असतो, पण शिडं लहान-मोठी करायला माणूसच लागतो. ‘म्हादेई’वरून 2009-10 मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे यांना तर पाळी बदलायलाही कुणी नव्हतं.

वारा दुप्पट, जोर चौपट

10 नॉटचा, म्हणजे ताशी साधारण 18 किमीचा वारा 20 नॉट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. 50 नॉटला पंचवीसपट! (इंजिनिअरिंगला हे सूत्र आम्ही मार्कांसाठी पाठ केलं होतं.) ‘तारिणी’ने दक्षिणेच्या समुद्रात 50 नॉटपर्यंतचे वारे आणि 7 मीटरपर्यंतच्या लाटा झेलल्या. 7 मीटर म्हणजे दुमजली घर.

म्हणून वारा चढायच्या आधीच मुख्य शीड थोडं खाली घेऊन, खालचा भाग बांधून लहान करतात. उशीर झाला तर तेच काम काळोखात, कललेल्या डेकवर, सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवून करावं लागतं. झोपलेलीलाही मग उठावं लागतं. चहासुद्धा सोपा नाही. अशा बोटींवर शेगडी झुलती बसवतात, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. प्यायचं पाणी समुद्राचंच, यंत्राने गोडं केलेलं.

वादळापेक्षा वारा पडणं बरं, असं वाटेल. पण विषुववृत्ताजवळ वारा पडला की बोट जागच्या जागी डुलते, शिडं आपटून झिजतात आणि मधेच एखाद्या काळ्या ढगाखाली सोसाट्याचा वारा सुटतो. प्रदक्षिणेत हा पट्टा किमान दोनदा ओलांडावाच लागतो.

आणि भोकरदनचा काय संबंध?

जुना आहे. केळणाकाठचं हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. इथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी बरीच जुळते. पाँपेईची मूर्ती इथेच घडली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. पाँपेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली.

त्या काळी पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा, तिथून जहाजावर. इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर इकडे यायची. माल भरून झाला तरी परत निघता येत नसे. ईशान्येचा वारा सुटेपर्यंत खलाशांचा मुक्काम बंदरातच.